नवशिक्यांचा उतार

९ जानेवारी, रविवार

आज जेवताना जाहीर करून टाकलं. फेब्रुवारीत शुक्रवारची सुट्टी जोडून आलीय, तेव्हा आपण चौघं नागानोला स्की करायला जाणार.

सहा वर्षं मी फुकुओकाच्या शाखेत एकट्याने काढली. मुलांच्या शाळा आणि घराचं कर्ज यांच्यापायी बायकोमुलं इथे तोकोरोझावात राहिली. आमच्या कंपनीत निम्म्या लोकांचं असंच असतं, त्यात रडण्यासारखं काही नाही. पण ऑक्टोबरात परत आल्यापासून बघतोय, घराला जरा मरगळ आलेली आहे. मी खोलीत शिरलो की बोलणं थांबतं. टीव्ही चालू असला तर रिमोट अदबीने माझ्या हातात देतात आणि एकेक जण उठून जातो. घरात इतकी वर्षं कर्ता पुरुष नसला की मुलं अशी बुजरी व्हायचीच.

घोषणेनंतर कोणी काही बोललं नाही. आनंद पोटात मावला नाही की माणसाचं असं होतं. नात्सुहोला सूपचा ठसका लागला. सतरा वर्षांची घोडी झाली, पण अजून नीट पीत नाही. रेइजीने आईकडे बघितलं आणि आईने भाताच्या भांड्याकडे. मग रेइजीनेच विचारलं, कुठल्या डोंगरावर. अकरा वर्षांच्या पोराला डोंगरांची नावं काय कळणार, तरी मी सांगितलं की मिझुहारा. मुद्दाम निवडलाय. उतार रुंद आणि सौम्य, पडलं तरी लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवणाऱ्यांसाठीच तो डोंगर आहे, असं सगळीकडे लिहिलेलं आहे.

चिहारु म्हणाली, "म्हणजे तुम्ही शिकवणार आम्हाला?"

मी म्हटलं, मी नाही तर कोण. ती म्हणाली, मग ठीक आहे. बायको समजूतदार मिळायला नशीब लागतं.

माझ्या स्कीबद्दल इथे खरं ते लिहून ठेवतो. मी नोकरीला लागलो तेव्हा देशात पैशाचा पूर होता आणि शनिवार आला की ऑफिसच्या ऑफिस डोंगरावर पळायचं. मीही जायचो. बसमधल्या जागा, जेवणं, लोकांचे कोट आणि पाकिटं सांभाळणं, हे सगळं माझ्याकडे असायचं, त्यामुळे प्रत्यक्ष उतारावर वेळ कमी मिळाला. पण नजर तयार झाली. शिकवायला नजरच लागते.

१४ जानेवारी, शुक्रवार

त्सुकुदासाहेबांनी बोलावून घेतलं. एप्रिलपासून साप्पोरो.

म्हणाले, "इनागाकी, तुम्ही स्कीचे मोठे शौकीन आहात, असं कॅन्टीनमध्ये ऐकलं. तिकडे माणूस हवाच होता. बघा, कसा योग जुळून आला."

कॅन्टीनमध्ये मी थोडं जास्त बोललो असेन. आपल्याच तोंडाने आपली बदली ओढवून घेणारा खात्यातला पहिला माणूस मी.

उत्तर सहलीनंतरच्या सोमवारी द्यायचंय. नाही म्हणता येतं, पण त्याला कारण लागतं, आणि 'मला नको' हे आमच्याकडे कारणात धरत नाहीत. आई अंथरुणाला खिळलीय, मूल अशक्त आहे, घरच्यांना माझी गरज आहे, असं काही असलं तर चालतं. साहेबांनी विचारलंही, घरी काही अडचण नाही ना. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो.

फुकुओकातली ती खोली आठवली आणि दुपारचा डबा गेला नाही. टेबल भिंतीला लावलं तरच मावायचं, म्हणून सहा वर्षं भिंतीकडे तोंड करून जेवलो. परत ते नको. देवा, परत ते नको.

पण मी नको म्हणून चालत नाही. घरच्यांनी म्हणायला हवं की जाऊ नका. मनात त्यांच्या ते आहेच, फक्त तोंडाने एकदा यायला हवं. डोंगरावर येईल. मोकळ्या हवेत माणूस मोकळा होतो.

१६ जानेवारी, रविवार

चिहारुला साप्पोरोचं सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. हातातला शर्ट तिने दोनदा झटकला आणि म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

किती मोठं मन. आतून तुटत असेल, पण चेहऱ्यावर रेष नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं की साप्पोरोत कंपनीच्या खोलीला स्वयंपाकघर वेगळं असतं का. माझ्या जेवणाची काळजी.

रेइजी म्हणाला, "बाबा, तुम्ही गेलात तर ती मागची खोली परत माझी होईल?" मी आल्यावर त्याचं टेबल नात्सुहोच्या खोलीत हलवावं लागलं, त्याबद्दल म्हणत होता. दुःख लपवायला मुलं काहीतरी भलतंच बोलतात. मला भरून आलं. तसं मी त्याला म्हटलं नाही.

घराला माझी गरज नाही असं कोण म्हणेल? परत आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या भांड्यांची मांडणी बदलून दिली. जे जास्त लागतं ते हाताशी, कमी लागतं ते वर. आमच्या कंपनीच्या नळांच्या कारखान्यात याच पद्धतीने आम्ही जुळणी किती सुधारली. चिहारुला अजून वस्तू पटकन सापडत नाहीत, पण नव्या पद्धतीला वेळ द्यावा लागतो.

२२ जानेवारी, शनिवार

स्कीचं सामान घ्यायला दुकानात जाऊ म्हटलं, तर चिहारु म्हणाली उगाच खर्च कशाला, तिथे मिळेल. रेइजी म्हणाला, हो, तिथे मिळेल. नात्सुहो म्हणाली, तिथे नक्की मिळेल. घरात एवढं एकमत मी पहिल्यांदाच बघितलं. काटकसरीचे संस्कार आईकडून आलेत.

माझा जुना स्कीचा पोशाख माळ्यावरून काढला. जांभळा, आणि बाह्यांवर पोपटी पट्टे. रंग अजून डोळ्यात खुपतो इतका चांगला राहिलाय. चेन पोटावर अडते, पण आत स्वेटर कमी घातला की लागेल. नात्सुहोने तो बघितला आणि तोंडावर उशी दाबून पळाली. वयात आलेल्या मुली बापाच्या तरुणपणाच्या वस्तू बघून हळव्या होतात, असं कुठेतरी वाचलं होतं.

२९ जानेवारी, शनिवार

शेजारच्या होसोयाकाकूंना कचऱ्याच्या जाळीपाशी सांगितलं की सुट्टीत स्कीला चाललोय, मिझुहाराला. म्हणाल्या, "हो का, यंदाही? मग त्या अक्रोडाच्या वड्या विसरू नका हं. मागच्या खेपेच्या फार छान होत्या."

काकू आता थकल्या. आम्ही कुठे गेलो होतो मागच्या वर्षी? नुसतं हसून मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाला खोडून काढू नये. चिहारुला सांगितलं तर तिच्या हातातली केराची पिशवी खाली पडली. ती म्हणाली, काकूंचं हल्ली असंच होतं. होसोयाकाकू रोज शब्दकोडं पेनाने सोडवतात, तेव्हा इतक्या काही थकल्या नसाव्यात असंही वाटलं. पण वय हे वय असतं.

३ फेब्रुवारी, गुरुवार

आज राक्षस हाकलायचा दिवस. कागदी मुखवटा मी ऑफिसातून येतानाच आणला. राक्षस व्हायचं काम बापाचं, आणि इतकी वर्षं हे बिचारे राक्षसावाचून दारावरच दाणे फेकत होते.

मी गुरगुरत आत शिरलो. तिघांनी भाजलेले सोयाबीन मुठी भरभरून मारले. "राक्षस बाहेर! भाग्य आत!" काय जोर होता आवाजात. चिहारुचा नेम इतका चांगला असेल असं वाटलं नव्हतं. एक दाणा मुखवट्याच्या भोकातून थेट डोळ्यात. परत आल्यापासून तिघांना इतकं मनापासून काही करताना मी बघितलं नव्हतं. मला दाराबाहेर ढकललं आणि दार लावून घेतलं. रिवाजच आहे तसा.

मग ते मला आत घ्यायचं विसरले. आतून हसण्याचा आवाज येत होता, आणि वयाएवढे दाणे मोजून खायचे असतात त्यावरून भांडणं चालली होती. मी मोज्यांवर उभा होतो. होसोयाकाकू खिडकीतून बघत होत्या, म्हणून मुखवटा काढला नाही. शेवटी मीच घंटी वाजवली. रेइजीने दार उघडलं आणि म्हणाला, "अरे, बाबा. तुम्ही बाहेर होतात?"

खेळात रंगले की मुलांना भान राहत नाही. पण पाय मात्र फार गार पडले.

११ फेब्रुवारी, शुक्रवार, मिझुहारा

पोचलो. गाडी मीच चालवली. बोगदा संपला की उजवीकडे वळा, असं चिहारुने रस्ता दाखवणाऱ्या यंत्राच्या आधी सांगितलं. बायकांना दिशा कळत नाही म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं.

उतरलो तो लॉज मोमोसेबाईंचा. दारातच त्या म्हणाल्या, "आलात? बरं झालं आलात. या, घर आपलंच आहे." परक्या गिऱ्हाइकाशी घरच्यासारखं बोलायचं, ही धंद्याची खुबी आमच्या विक्री विभागाला शिकवायला हवी. त्यांचा कुत्रा तर रेइजीच्या अंगावर उड्या मारून गाल चाटायला लागला. गिऱ्हाइकाशी सलगी करायला कुत्राही शिकवलेला. मोमोसेबाई माझ्याकडे बघून जरा अडखळल्या. चिहारुने पुढे होऊन सांगितलं, "हे आमचे... हे आलेत यंदा." बाई तीनदा वाकल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे खरंच आहेत."

ते कळलं नाही. मीही तीनदा वाकलो.

भाड्याच्या सामानाची तर कमालच. बाईंनी मागच्या कोठारातून तीन जोड्या काढल्या आणि तिन्ही तिघांना मापात बरोब्बर. न विचारता. माझ्यासाठी मात्र सगळं शोधावं लागलं, आणि मिळालेला बूट अंगठ्याला चावतो.

दुपारी धडा पहिला. पुढची टोकं जवळ, मागची लांब, त्रिकोणी भाताच्या मुटक्यासारखा आकार करायचा, म्हणजे वेग आवरतो. तिघंही ओळीत उभं राहून ऐकत होते. चिहारु माझ्यापाशी येऊन हळूच बसल्यासारखी पडली. रेइजी पडला तो चक्क दोन वेळा गोल फिरून. मी म्हटलं, घाबरू नका, पडण्यातूनच माणूस शिकतो. स्वतः करून दाखवताना बुटाच्या दोषामुळे मी एका कुंपणात गेलो, पण त्यातूनही कुंपण कसं टाळायचं ते त्यांना कळलं असेल.

लाल जाकीट घातलेला एक शिक्षक नात्सुहोला बघून थांबला आणि म्हणाला, स्कीच्या परीक्षेच्या तयारीला उद्या येणार ना? तिने जोरजोरात नकाराची मान हलवली. हे लोक कोवळ्या मुलींनाही शिकवण्या विकतात. मी त्याला बजावलं की तिला शिकवायला तिचा बाप आहे. तो माझ्या पोशाखाकडे बघत राहिला.

अजून 'जाऊ नका' कोणी म्हटलेलं नाही. उद्या.

१२ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहू.

सकाळपर्यंत सगळं उत्तम होतं. दुसऱ्याच धड्यात तिघांची प्रगती अशी की माझा मलाच अभिमान वाटला. नात्सुहो तर एकदा माझ्या नकळत दोन वळणं इतकी सुरेख घेऊन गेली की मी ओरडून शाबासकी दिली, आणि ती लगेच पडली. मी म्हटलं, कौतुकाने हुरळू नये. मग ठरवलं की आता पदवीदान समारंभ. वरच्या लिफ्टने माथ्यावर जायचं आणि सगळ्यांनी मिळून खाली यायचं. तिथेच साप्पोरोचा विषय काढायचा.

माथ्यावर धुकं होतं. वाट दोन ठिकाणी फुटत होती. मी डावीकडे वळलो. रेइजी मागून म्हणाला, "बाबा, तिकडून नको." मी म्हटलं, शिक्षक कोण आहे? आणि निघालो.

पुढे उतार नव्हताच, जमीनच संपली होती. भाताचा मुटका केला, पण तो कुठच्या कुठे फुटला. मी पाठीवर, मग पोटावर, मग पुन्हा पाठीवर. एक स्की सुटून धुक्यात गेली. शेवटी एका उंचवट्याला अडकून बसलो. वर काही दिसेना आणि खाली तर काहीच दिसेना. हाका मारायची लाज वाटली, म्हणून थोडा वेळ नुसताच बसलो. मग लाज संपली आणि मी हाका मारल्या.

वरून बर्फावर सुर्र असा आवाज आला. कोणीतरी डावं वळण, उजवं वळण घेत, जिना उतरावा तितक्या सहज खाली येत होतं. एका हातात माझी सुटलेली स्की. माझ्या शेजारी येऊन थांबलं, आणि माझ्या अंगावर बर्फाचा एक कणही उडाला नाही. मला वाटलं लाल जाकीटवाल्यांपैकी कोणी असेल. चष्मा वर केला, तर चिहारु.

"बसा आधी," ती म्हणाली.

"बसलेलाच आहे," मी म्हटलं.

ती शेजारी बसली. लागलं का विचारलं. मी म्हटलं, नाही.  कधी शिकलीस हे विचारायचं होतं, पण तोपर्यंत माझ्या डोक्यात एकेक दिवा लागायला सुरुवात झाली होती. कुत्रा. बूट. अक्रोडाच्या वड्या.

"दर वर्षी येतो आम्ही इथे," ती म्हणाली. "तुम्ही गेलात त्या पहिल्याच हिवाळ्यापासून. मुलं घरात कोंडून रडायची, म्हणून माझ्या मैत्रिणीने आणलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. इथूनच फोन लावला होता तुम्हाला. तुम्ही उचलला आणि पहिलंच वाक्य बोललात, 'माझ्यावाचून तुम्हाला करमत नसेल, पण थोडी कळ काढा.' मग कसं सांगू, की आम्ही बर्फात लोळून हसतोय म्हणून? पुढच्या वर्षी सांगायचं ठरवलं, तर आदल्या वर्षी का लपवलं हा प्रश्न. दर वर्षी एक वर्ष वाढत गेलं."

"आणि हे दोन दिवस? ते पडणं?"

"तुम्ही इतके खूश होतात. मुलांना मीच सांगितलं होतं. नात्सुहोचं ढोपर सुजलंय. मुद्दाम पडणं फार कठीण असतं हो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी विचारलं, "म्हणजे तुम्ही माझ्यावाचून मजेत होतात."

"हो," ती म्हणाली. किती सरळ म्हणाली. "पहिले काही महिने नव्हतो. मग झालो. व्हायलाच हवं होतं ना?"

 खरं तर मी तेवढ्यासाठीच पैसे पाठवत होतो, की त्यांनी मजेत असावं. पण तिचं 'हो' ऐकून मी तोंड फिरवलं.

"मग साप्पोरोला जाऊ मी?"

"ते मी कसं सांगू? महिनाभर तुम्ही आमच्या तोंडाकडे बघताय, आम्ही जाऊ नका म्हणावं म्हणून. कळतं आम्हाला. पण ते खोटं झालं असतं. आणखी एक खोटं मला नको होतं." तिने हातमोज्यावरचा बर्फ झटकला. "तुम्ही गेलात तेही आमच्यासाठी, आता राहणार तेही आमच्यासाठी. आणि आमच्याचसाठी तुम्ही माझी सगळी भांडीसुद्धा हलवलीत. या सगळ्याचं ओझं होतं हो. तुम्हाला स्वतःला काय हवंय ते एकदा तरी सांगा. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला अजून माहीत नाही."

मी आठवून बघितलं, असं कोणी मला शेवटचं कधी विचारलं होतं. नाक गळत होतं. थंडीने असेल.

"मला घरी राहायचंय," मी म्हटलं. "तुम्हाला गरज नसली तरी. त्या खोलीत एकटं बसून जेवायची मला भीती वाटते."

तिने माझी सुटलेली स्की जवळ ओढली. मग म्हणाली, "मग राहा की. आम्हाला सवय करून घ्यावी लागेल, ती करू. तुम्हालाही करावी लागेल. आम्ही खूप आवाज करतो, आणि रविवारी कोणी दहाच्या आत उठत नाही."

मग तिने मला उभं केलं, स्की पायात अडकवली, माझे दोन्ही हात धरले, आणि स्वतः उलटी, पाठ उताराकडे करून, मला खाली घेऊन आली. चालायला शिकणाऱ्या पोराला आणतात तसं. सगळा वेळ ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या बुटांकडे. खाली मुलं उभी होती. रेइजीने विचारलं, "सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगितलं." पोराने एवढा मोठा सुस्कारा टाकला की चष्म्यावर वाफ धरली.

१३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मी म्हटलं, तुम्ही तिघं जा, मला बघायचंय. आधी खरंच का, खरंच का, असं झालं, आणि मग तिघं असे पळाले की नाश्त्याचे बाऊल तसेच.

मी खाली कट्ट्यावर बसून करी-भात खात बघत होतो. माथ्यावरून तिघं निघाले. पुढे नात्सुहो, तिच्या मागे रेइजी, सगळ्यांत मागे चिहारु. एक वळला की दुसरा वळायचा, कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. रेइजी जरा मागे पडला तर नात्सुहो न बघताच हळू झाली. फार सुंदर दिसत होतं. चौथ्याला त्यात कुठे जागा दिसत नव्हती, हेही लिहून ठेवतो. करी गार झाली. मी रडलो थोडा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कागदी रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, तिखट आहे ना इथली.

दुपारी मी नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. माझ्या खालोखाल वयाने मोठी होती ती एक सहा वर्षांची मुलगी. सगळ्यांना पोपटी बंडी घालायला देतात. माझ्या पोशाखाच्या भडकपणापुढे ती दिसलीच नाही. लाल जाकीटवाला तोच. एका शब्दाने काही बोलला नाही, चांगला माणूस आहे. सहा वर्षांच्या मुलीने मला सांगितलं की आजोबा, गुडघे जोडू नका, मांडीत मोठं कलिंगड धरलंय असं समजा. ते समजल्यावर मी पहिल्यांदाच न पडता खालपर्यंत आलो. लांबी आमच्या गल्लीएवढी असेल. तिथे तिघं उभे होते. नात्सुहो म्हणाली, "वाईट नव्हतं." ती इतकं खरं माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही.

१४ फेब्रुवारी, सोमवार

अंग असं दुखतंय की ऑफिसचा जिना मी बाजूने चढलो.

त्सुकुदासाहेबांनी विचारलं, काय ठरलं. रात्रीपासून मनात एक वाक्य तयार होतं की मुलीची कॉलेजची प्रवेश परीक्षा जवळ आलीय, घरच्यांना माझी गरज आहे. उत्तम वाक्य. कोणीही मान्य केलं असतं. मी म्हटलं, "साहेब, साप्पोरो नको."

"म्हणजे घरी अडचण आहे?"

"नाही. माझ्यावाचून घरी कुणाचं काही अडत नाही. तिघं मजेत आहेत. मलाच घरी राहायचंय."

साहेबांचं पेन थांबलं. असं वाक्य त्या खोलीत आजवर कोणी बोललं नसावं. माझी बढती तिथल्या तिथे मेलेली मला दिसली, आणि आश्चर्य म्हणजे फार वाईट वाटलं नाही. ते उठले, दार लावून आले आणि माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसले, आपल्या नाही.

"हे तुम्ही घरी बोललात? असंच?"

"हो."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, सवय करून घेऊ."

साहेब ओसाका, सेंदाई, नागोया, सगळीकडे राहून आलेत. मागच्या वर्षी कायमचे घरी परतले. शनिवारीसुद्धा ऑफिसात येऊन बसतात, आणि आम्ही समजत होतो की कामाचा भार आहे. बराच वेळ त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं, वाकडं केलं.

"सवय," ते म्हणाले. "बरं आहे. आमच्याकडे मी कधी विचारलंच नाही."

साप्पोरोचं बघतो म्हणाले. मी वाकलो, पाठ कळवळली, आणि दाराशी गेलो. तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. आवाज इतका खाली की मला परत वळून जवळ जावं लागलं.

"तो तुमचा डोंगर, मिझुहारा ना? ज्याला काहीच येत नाही, अशा माणसालाही घेतात तिथे?"

"घेतात," मी म्हटलं. "फक्त लहान मुलांबरोबर उभं राहावं लागतं."

त्यांनी नाव लिहून घेतलं.